खंडू गणपतीला येणार नाही

परळ, मुंबई
५ जुलै

तीर्थरूप बाबांस आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचे मी चार वेळा ठरवले आणि चारही वेळा लावणी कुठवर आली एवढेच विचारून फोन ठेवला. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले आहे. आपल्या कुत्र्याला, खंडूला, आठ दिवस औषधपाण्यासाठी म्हणून मुंबईला आणले, त्याला आता पाच आठवडे होत आले. गणपतीला आम्ही येऊ तेव्हा तो आमच्याबरोबर असेल, असे मी बाबांना सांगितले होते. तो येणार नाही. दिवाळीपर्यंत त्याला माझ्याकडेच ठेवायचे मी ठरवले आहे आणि तुम्हाला न विचारता ठरवले आहे, हे आधीच कबूल करते. संध्याकाळी पडवीत बाबांच्या खुर्चीपाशी कोणी नसते, हे आईने सांगायच्या आधीच मला ठाऊक होते. तरीही निर्णय बदललेला नाही, तो का बदलला नाही एवढे शांतपणे वाचा.

आधी त्याची खुशाली. तो आता पोटभर जेवतो. सकाळी मऊ भात आणि उकडलेले अंडे, संध्याकाळी भात आणि बिनमिठाचे मासे, काटे मी स्वतः काढते. दही त्याला दुपारीच मिळते, कारण औषधाच्या वेळी दूधदही दिले तर औषध अंगी लागत नाही, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. आईने दिलेली जुन्या लुगड्यांची गोधडी खिडकीखाली अंथरली आहे. पहिले चार दिवस तो तिच्याकडे फिरकला नाही, नुसता दाराशी बसून राहिला. पाचव्या दिवशी त्याने ती पायांनी उकरून, गोल गोल फिरून, आपल्या मनासारखी करून घेतली. लिफ्टला तो घाबरतो, त्यामुळे आम्ही तिन्ही मजले जिन्याने उतरतो, त्यात माझाही व्यायाम होतो. बाहेरून आल्यावर त्याचे चारही पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, कोमट पाण्याने धुऊन कोरडे पुसते. लहानपणी पावसातून आल्यावर आई माझे केस पुसायची तसेच मी त्याचे कान पुसते, आणि तोही माझ्यासारखाच कुरकुरतो.

आता कारण. मे महिन्यात त्याच्या नाकातून रक्त आले तेव्हा आपण सर्वांनीच उन्हाने घोळणा फुटला असे मानले. आईने डोक्यावर पाणी थापले, बाबांनी कांदा फोडून हुंगायला दिला, आणि मी मुंबईहून फोनवर त्याला सावलीत ठेवा म्हणून सांगितले. तेव्हा दोष कोणाला द्यायचाच असेल तर त्याचे तीन वाटे करावे लागतील आणि मोठा माझ्याकडे येईल. तो घोळणा उन्हाचा नव्हता. गोचीड चावून रक्तात शिरलेल्या जंतूंमुळे प्लेटलेट कमी झाल्या होत्या. कुत्र्याच्या रक्तात त्या दोन लाखांच्या वर असाव्या लागतात, खंडूच्या ३४ हजारांवर आल्या होत्या. हिरड्या आपल्याला फिकट दिसल्या नाहीत, कारण कुत्र्याच्या हिरड्या रोज बघायच्या असतात हेच आपल्याला माहीत नव्हते. अंगाला हात लावून त्याचा तापही कळत नाही, कारण कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असते. १०१ ते १०२ पर्यंत पारा चढला तरी ते त्याच्या दृष्टीने ठीकच असते. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल झाल्या आणि मागच्या तपासणीत आकडा एक लाख साठ हजारांवर आला. पण हा ताप बरा झाल्यासारखा वाटून काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचे आहे. ते इथे चालत दहा मिनिटांवर होते. गावाहून दर वेळी त्याला रत्नागिरीला न्यायचे म्हटले, तर बाबांच्या कमरेचे काय होईल ते तुम्हीच सांगा.

इथले डॉक्टर त्याच्यावर खूश आहेत. परळला जनावरांचे शिक्षण आणि औषधपाणी जुने आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे, आणि बैलघोडा हॉस्पिटल म्हटले की आजही टॅक्सीवाला पत्ता विचारत नाही. आजोबा गिरणीत असताना त्यांच्या चाळीच्या गॅलरीतून ते दिसायचे म्हणतात. त्यामुळे खंडू अगदीच परक्या मुलखात आहे असे मी मानत नाही, तुम्हीही मानू नका.

गोचिडीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बाबांचा सगळा राग कपिलेच्या गोठ्यावर आहे आणि तो निम्मा तरी चुकीचा आहे. कुत्र्याची तपकिरी गोचीड गुरांच्या गोचिडीहून वेगळी. ती राहते आपल्या घरात. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते, भिंत चढते आणि एखाद्या फटीत शिरून हजारो अंडी घालते. आपल्या पडवीची भिंत जांभ्याची, गिलावा न केलेली. त्या चिऱ्यांच्या भोकांत लहानपणी मी पेन्सिलीचे तुकडे लपवायचे, इतकी ती खोल आहेत. गोचिडीला याहून चांगले घर कुठे मिळणार? ती उपाशी कित्येक महिने तग धरते, त्यामुळे खंडू इथे आहे म्हणून ती तिथे मरणार नाही. भिंतीवर औषध फवारावे लागेल, आणि अंडी फवाऱ्याने मरत नाहीत म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावे लागेल. भोके सिमेंटने बुजवायला भिंत कोरडी हवी, म्हणजे पाऊस सरल्यावर. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळेल, दिवाळीचा चुना लागायच्या आधी भोके बुजतील, आणि मग खंडू येईल. दिवाळी ही तारीख मी मनाने काढलेली नाही, भिंतीने काढली आहे. गवंड्याशी माझे बोलणे झाले आहे; बाबांनी स्वतः शिडीवर चढायचे नाही.

आता जे लिहिते आहे ते आईने बाबांना मोठ्याने वाचून दाखवू नये, पण दोघांनीही वाचावे. गणपती म्हणजे भाद्रपद, आणि भाद्रपदात गावातली कुत्री कशी होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. गेल्या वर्षी तीन रात्री खंडू घरी आला नाही, आला तेव्हा कान फाटलेला होता, आणि आपल्या लक्षात येईपर्यंत जखमेत किडे पडले होते. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या वळवळू लागतात. बाबा, तुम्ही प्रेमानेच डांबरगोळीची पूड भरली होती, आणि पूर्वी सगळे तेच करत. पण ती पूड जखमेतून आणि चाटल्याने पोटात जाते आणि ती विषारी असते. शिवाय अशा मारामारीत कोणते कुत्रे पिसाळलेले आहे ते कपाळावर लिहिलेले नसते. खंडूची रेबीजची लस दर वर्षी होते, या वर्षीचीही झाली, तरीही नुकत्याच उठलेल्या कुत्र्याला त्या गर्दीत सोडायचे माझे मन होत नाही. तो पूर्ण बरा झाल्यावर डॉक्टर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्या म्हणतात. त्यावर बाबांचे मत मला माहीत आहे. तो विषय दिवाळीत समोरासमोर बसून बोलू, आत्ता रागावू नका.

आणि तिसरे कारण तुम्ही स्वतः आहात. मागच्या श्रावणातले ते नऊ दिवस मी अजून विसरलेले नाही. तापापेक्षा मला तुमच्या पोटऱ्या आठवतात. चादर लागली तरी तुम्ही कळवळत होता, डोळे लाल झाले होते, आणि तरी आईला म्हणत होता की चिखलात उभे राहिल्याने पाय भरून आले आहेत. तो लेप्टोचा ताप होता. लेप्टोचा जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात उतरतो, भेगाळलेल्या टाचेतून आत जातो, आणि ओल्या मातीत कित्येक आठवडे जिवंत राहतो. कुत्र्यालाही तो होतो, आणि वरून धडधाकट दिसणारे कुत्रेही आपल्या लघवीतून तो पसरवू शकते. तो ताप तुम्हाला खंडूमुळे आला असे मी म्हणत नाही. शेतात उंदीर काय कमी आहेत? पण तुम्ही दोघे रोज त्याच बांधावरून, त्याच पाण्यातून जात होता आणि त्याची जागा तुम्ही अनवाणी धूत होता. त्याला मी लेप्टोच्या लसीची पहिली मात्रा आता दिली आहे, आजारपणामुळे ती लांबली होती. दुसरी चार आठवड्यांनी आहे, आणि त्यानंतर दर वर्षी एक. लस सगळ्याच जातींच्या जंतूंना अडवत नाही, म्हणून ओल टाळणे आलेच. मुंबईत पाणी तुंबत नाही का, असे तुम्ही विचाराल. तुंबते, आणि २००५ च्या जुलैनंतर इथे लेप्टोने काय केले ते मी पाहिले आहे. म्हणूनच पाणी साचले की खंडू गच्चीवर जातो, रस्त्यावर नाही.

तुम्हाला तेव्हा दिलेले आणि खंडूला आता दिलेले औषध एकच आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली तेव्हा ते नाव वाचून मी क्षणभर तिथेच बसून राहिले. पण याचा अर्थ असा अजिबात नाही की कपाटात उरलेल्या कॅप्सूल तुम्ही मनाने घ्याव्यात. लावणीच्या दिवसांत आठवड्याला एक गोळी घ्यायची का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा, तुमची साखर आणि मूत्रपिंडे पाहून ते सांगतील. गमबूट मी पाठवले आहेत. ते माळ्यावर न ठेवता पायात घाला. टाचेला भेग असेल त्या दिवशी शेतात उतरू नका. या वर्षी चार काड्या कमी लागल्या तरी चालेल.

आई, आता चिंगी मांजरीचे. ती तुझ्याजवळ आहे हा मला केवढा आधार आहे! पण तिच्या बाबतीत तीन गोष्टी माझ्यासाठी कर. खंडूची गोचिडीची पावडर आणि मानेवर घालायचे थेंब देवघराच्या बाजूच्या फडताळात आहेत, ते सगळे फेकून दे. कुत्र्यांच्या त्या औषधांत परमेथ्रिन असते, कुत्र्याला ते सोसते, मांजराला झटके येऊन जीव जातो. फवारणीच्या दिवशी तिला काकूंच्या घरी नेऊन ठेव आणि जमीन पूर्ण वाळल्यावरच आण. दुसरे, ती शिंकली, मलूल झाली, तरी तिला क्रोसिनचा तुकडाही देऊ नये. मला लहानपणी अर्धी गोळी मधात उगाळून द्यायचीस, म्हणून तुझा हात तिकडेच जाईल हे मला माहीत आहे. पण मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, एका गोळीनेही मांजर दगावते. तिसरे, तिच्या अंगावर केस गेलेला गोल चट्टा दिसला तर ते गजकर्ण समज, पावसाच्या ओलीत ते बळावते आणि तुझ्या हाताला लागायला वेळ लागत नाही. तिला मांडीवर घेणे सोड असे मी म्हणणार नाही, म्हटले तरी तू ऐकणार नाहीस. फक्त ती भिजून आली की आधी पुसून मग घे, आणि चट्टा दिसला तर तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन कर. ते बुधवारी येऊन तिला रेबीजची लस देणार आहेत, पैसे मी पाठवले आहेत, त्यांना चहा दे आणि पैशांचा विषय काढू नकोस. तिने कोणाला ओरखडले किंवा चावले तर तिची लस झाली आहे म्हणून स्वस्थ बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

रात्री तिला परड्यात सोडू नका. बेडूक तोंडात धरून फेस आला तर ओला फडका फिरवून तोंड पुसता येते, खंडूच्या बाबतीत आपण ते केले आहे. पण फुरसे आणि घोणस या दिवसांत कुंपणाच्या गडग्यातून बाहेर येतात. तांबूला साप चावला तेव्हा आपण दोरी आवळून बांधली आणि मांत्रिकाची वाट पाहिली. त्यात आपल्यापैकी कोणाचीही चूक नव्हती, आपल्याला ठाऊकच नव्हते. सापाच्या लसीसाठी प्रसिद्ध असलेल्या हाफकीन संस्थेवरून मी रोज जाते आणि रोज मला तांबू आठवतो. माणसाला देतात तीच नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरची लस जनावरालाही चालते. तसे कधी झालेच तर बांधू नका, कापू नका, रिक्षा बोलवा आणि रिक्षात बसून मला फोन करा.

बाबांना एक विनंती आहे, थोडी अवघड आहे. रविवारी फोन कराल तेव्हा खंडूला लगेच हाक मारू नका. मागच्या रविवारी तुम्ही ‘खंड्या’ म्हणालात, तेव्हा तो आधी फोनकडे आला, मग दाराशी गेला आणि रात्री अकरापर्यंत तिथेच बसून राहिला. जेवणाची ताटली मी दाराशी नेली तेव्हा जेवला. तुम्ही हाक मारूच नका असे माझे म्हणणे नाही, त्यालाही ती हवी असते. फक्त आधी मला सांगा. मी त्याच्या गळ्यात पट्टा अडकवीन, दार उघडून ठेवीन, मग तुम्ही हाक मारा. म्हणजे तो उठला की आम्ही दोघे जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.

तुमची,
बेबी