मधुमेहाचा प्रकार वयावरून ठरवू नका : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

विषय : मधुमेहाच्या निदानात अँटिबॉडींच्या रक्ततपासणीला निश्चित स्थान देण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी एका वैद्यकीय प्रयोगशाळेच्या जीवरसायन विभागात काम करते. मधुमेहाच्या रुग्णांचे रक्त आमच्याकडे रोजच येते आणि बहुतेक वेळा साखर व एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा) मोजून दिले की आमचे काम संपते. साखर किती वाढली आहे हे या दोन तपासण्या चोख सांगतात. ती कशामुळे वाढली, हे त्यांतून कळत नाही. उपचाराची दिशा मात्र कारणावर ठरते. ते कारण शोधायला मदत करणारी तपासणी उपलब्ध असूनही ती बहुधा उशिरा, चुकीच्या रुग्णाची किंवा चुकीच्या पद्धतीने होते, म्हणून हे पत्र.

टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते. प्रत्यक्ष नाश मुख्यतः टी पेशी, म्हणजे याच यंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, करतात. अँटिबॉडी, म्हणजे ही यंत्रणा एखाद्या घटकाविरुद्ध बनवते ती प्रथिने, स्वतः फारसे नुकसान करत नाहीत. पण हा हल्ला सुरू असल्याची खूण म्हणून त्या रक्तात सापडतात, आणि पुष्कळदा साखर वाढण्याच्या कितीतरी वर्षे आधी सापडतात. १९७४ साली त्या प्रथम दाखवल्या गेल्या, तेव्हा स्वादुपिंडाच्या पातळ कापावर रुग्णाचे सीरम टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागत असे. आज गॅड ६५, आयए-२, इन्सुलिन आणि झिंक ट्रान्स्पोर्टर ८ या चार घटकांविरुद्धच्या अँटिबॉडी वेगवेगळ्या मोजता येतात. त्यासाठी थोडेसे रक्त पुरते आणि रुग्णाला उपाशीपोटी यावे लागत नाही.

टाइप १ हा लहान मुलांचा आजार आहे, हा समज डॉक्टरांच्या मनातही घट्ट बसलेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, यूके बायोबँक या ब्रिटनमधील लोकांच्या आरोग्यविषयक माहितीच्या संग्रहावर आधारलेल्या अभ्यासात साठीपर्यंतच्या वयाचा विचार केला होता. जनुकीय निकषांवर टाइप १ ठरलेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिकांना हा आजार तिशीनंतर झाल्याचे त्यात दिसले. त्याआधी, १९९७ साली, ब्रिटनमधील मोठ्या मधुमेह अभ्यासात टाइप २ (शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे झाल्याने होणारा, अधिक आढळणारा प्रकार) म्हणून नोंदवलेल्या नव्या रुग्णांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांच्या रक्तात गॅड अँटिबॉडी आढळल्या होत्या. हे प्रमाण सगळ्या लोकसमूहांत सारखे नसते, हे मान्य. पण वय आणि वजन पाहून प्रकार ठरवण्याची पद्धत किती कच्ची आहे, हे समजायला एवढे पुरेसे आहे.

चुकीचा प्रकार ठरला की पुढचा प्रवास ठरावीक वळणाने जातो. गोळ्या काही महिने लागू पडतात, मग साखर हाताबाहेर जाऊ लागते, एक गोळी वाढते, मग दुसरी, आणि वजन उतरत असतानाही केसपेपरवर ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा मी इतक्या कागदांवर वाचला आहे की आता तो दिसला की मी आधी रुग्णाचे वय पाहते. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनी तर हा धोका आणखी वाढवला आहे. शरीरात इन्सुलिनच अपुरे असलेल्या माणसाला त्या दिल्या, तर रक्तातील साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्ले साचण्याची जीवघेणी अवस्था) होऊ शकतो, आणि साखरेचा आकडा बरा दिसतो म्हणून तातडीच्या विभागातही तो नजरेतून सुटू शकतो.

उलट दिशेची चूकही घडते. तरुण वयात मधुमेह झाला म्हणून वर्षानुवर्षे इन्सुलिन घेणाऱ्या काही जणांचा आजार प्रत्यक्षात एकाच जनुकातील दोषामुळे झालेला असतो आणि त्यातील काही प्रकार साध्या, जुन्या गोळ्यांनी आटोक्यात राहतात. अशा रुग्णांत अँटिबॉडी सहसा नसतात, त्यामुळे जनुकीय तपासणी कोणाची करावी हे ठरवण्याची पहिली चाळणी म्हणून हीच रक्ततपासणी उपयोगी पडते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मधुमेह झाला, तर मात्र सरळ जनुकीय तपासणीच करायला हवी, कारण त्या वयात स्वयंप्रतिकारामुळे होणारा मधुमेह अतिशय दुर्मीळ असतो.

यावर प्रत्येक मधुमेहीची अँटिबॉडी तपासणी सुरू करावी, असे माझे म्हणणे नाही. ज्या आकड्याच्या वर तपासणी होकारार्थी धरतात, ती मर्यादा निरोगी लोकांच्या मोजमापांवरून ठरवतात. ती शंभरातील नव्व्याण्णव जणांच्या वर ठेवली, तरी हा आजार नसलेल्या १,००० जणांपैकी सुमारे १० जण ती ओलांडणारच. सरसकट तपासणीत असे खोटे होकार खऱ्यांमध्ये मिसळतात आणि ज्यांना इन्सुलिनची गरज नाही त्यांच्या हाती सुया पडतात. ज्यांच्याबाबत मुळातच संशय आहे त्यांचीच तपासणी केली, तर तिच्या उत्तरावर विसंबता येते. तरुण वय, सडपातळ बांधा, झपाट्याने उतरलेले वजन, कीटोन, थोड्याच काळात निरुपयोगी ठरलेल्या गोळ्या, स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉइडचा वा दुसरा स्वयंप्रतिकाराचा आजार, यांपैकी काही असेल तर निदानाच्या वेळीच गॅडची तपासणी व्हावी. ती नकारार्थी आली, तर आयए-२ आणि झिंक ट्रान्स्पोर्टर ८ पाहावे. अमेरिकी व युरोपीय मधुमेह संघटनांनी २०२१ साली संयुक्तपणे सुचवलेला क्रम साधारण हाच आहे. सार्वजनिक रुग्णालयांसाठी तो एका परिपत्रकाने लागू करता येईल.

इन्सुलिनविरोधी अँटिबॉडींचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे पैसा आणि रक्त दोन्ही सर्रास वाया जाते. बाहेरून इन्सुलिन सुरू केले की दोनेक आठवड्यांतच शरीर त्या टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही अँटिबॉडी बनवू लागू शकते, आणि या अँटिबॉडी मूळ आजाराच्या की उपचाराच्या, हे तपासणीला ओळखता येत नाही. तरीही कित्येक वर्षे इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांचे नमुने या तपासणीसाठी आमच्याकडे येतात, होकारार्थी ठरतात आणि त्यावर निदान लिहिले जाते. आमच्या मागणीपत्रावर नाव, वय, लिंग, वॉर्ड आणि खाट क्रमांक यांसाठी रकाने आहेत. इन्सुलिन केव्हा सुरू केले, यासाठी नाही. शंका आली की मी वॉर्डात फोन करते. कोणी उचलला तर उत्तर मिळते, नाहीतर नमुना मागणीप्रमाणे लावावा लागतो. मागणीपत्रावर ‘निदानाच्या वेळचे वय’ आणि ‘इन्सुलिन सुरू केल्याची तारीख’ अशा दोन ओळी छापून घेणे, ही या पत्रातील सर्वांत स्वस्त मागणी आहे.

अहवालाबद्दलही नियम हवा. नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद अपुरा असतो. मोजलेला आकडा, एकक, वापरलेली पद्धत आणि त्या पद्धतीत होकारार्थी धरण्याची मर्यादा हे सगळे त्यावर असले पाहिजे, कारण एका किटचा आकडा दुसऱ्या किटच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. मर्यादेच्या जेमतेम वर असलेली एकटी अँटिबॉडी आणि मोठ्या प्रमाणात सापडलेल्या दोन अँटिबॉडी यांचा अर्थ फार वेगळा असतो. तसेच नकारार्थी उत्तराने टाइप १ नाही असे सिद्ध होत नाही. टाइप १ झालेल्या प्रौढांपैकी ५ ते १० टक्के रुग्णांत निदानाच्या वेळीही अँटिबॉडी सापडत नाहीत, आणि काही रुग्णांत त्या पुढील वर्षांत ओसरतात. निदानाला तीन वर्षे उलटून गेली असतील आणि शंका कायम असेल, तर सी-पेप्टाइड मोजून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते पाहावे. केवळ नकारार्थी अहवालाच्या जोरावर कोणाचेही इन्सुलिन बंद करू नये, हे वाक्य अहवालाच्या तळाशी छापले तरी हरकत नाही.

निरोगी मुलांची सरसकट चाळणी करावी, अशी सूचना आपल्यापुढे येईलच. जर्मनीतील बवेरियात २०१५ पासून असा कार्यक्रम सुरू झाला. तिथे दर १,००० मुलांत सुमारे ३ मुलांमध्ये लक्षणांपूर्वीची अवस्था सापडली. इटलीने तर २०२३ मध्ये त्यासाठी कायदाच केला. या कल्पनेमागे आधार आहे. दोन किंवा अधिक अँटिबॉडी असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना १० वर्षांत प्रत्यक्ष आजार होतो, आणि तो येणार हे आधी माहीत असले तर मूल बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचण्याची वेळ सहसा येत नाही. टेप्लिझुमॅब हे औषध २०२२ साली अमेरिकेत मंजूर झाले. चाचणीत त्याने आजार सुमारे दोन वर्षे पुढे ढकलला होता. तरीही सरसकट चाळणी हे आपले पहिले पाऊल असू नये, असे मला वाटते. ज्या व्यवस्थेत आजारी पडलेल्या माणसाचीच योग्य तपासणी होत नाही, तिने निरोगी मुलाच्या आईवडिलांना असा अहवाल देऊन घरी पाठवणे बरे नव्हे. सुरुवात रुग्णांच्या सख्ख्या भावंडांपासून आणि मुलांपासून करता येईल, कारण त्यांना असलेला धोका इतरांच्या सुमारे १५ पट असतो. मात्र होकारार्थी निकाल दुसऱ्या नमुन्यावर पडताळल्याशिवाय कुटुंबाला अंतिम म्हणून सांगू नये, आणि पुढे साखरेवर लक्ष ठेवणारा डॉक्टर ठरलेला असल्याशिवाय पहिला नमुनाच घेऊ नये.

हे परिपत्रक तयार करणाऱ्या समितीत मधुमेहतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असतीलच. त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेतील माणसांनाही बसवावे, आणि किटची खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेवर सोडण्याआधी ते किट बाह्य गुणवत्ता पडताळणीत उतरले आहे की नाही, हे त्यांना विचारावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
जीवरसायन विभागातील एक कर्मचारी