साताऱ्याच्या ताईंना, मिनिट्सबद्दल आणि बाकीच्या सगळ्याबद्दल

ताई, नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, असू दे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, आयईटीएफ म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम जिथं ठरतात ती संस्था, 1986 पासून चालू आहे, वर्षातनं तीनदा मीटिंग आणि बाकी सगळं मेलवर. मी तिथल्या एका वर्किंग ग्रुपचा, म्हणजे एका विषयाचे नियम लिहिणाऱ्या गटाचा, को-चेअर. पगार शून्य. चेअरमन झालास तर गाडी कधी देणार असं आई अजून विचारते, आणि तिथं मतं मोजत नाहीत, गुणगुणून कल बघतात हे ऐकल्यापासून तर तिला हे सगळं थोतांडच वाटतं.

जुलै 2019 ला माँट्रियलची मीटिंग झाली, मी सांगलीतनं ऑनलाइन. मिनिट्स, म्हणजे मीटिंगचा वृत्तांत, मी लिहिणार, इश्यूंची यादी मीच ठेवणार, दोन ड्राफ्टचा (नियमांच्या मसुद्यांचा) शेफर्ड पण मीच, म्हणजे ड्राफ्ट वर पाठवताना त्याची सगळी कुंडली लिहून द्यायची आणि छापून येईपर्यंत त्याच्या मागं हिंडायचं. हे सगळं ऑफिस सुटल्यावर. कुणाला मदत मागायची लाज वाटायची, चेअर आपण तर आपणच निस्तरायचं असं डोक्यात बसलेलं.

आणि ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर पाणी, धोक्याची पातळी 45. गावभागातलं आमचं घर सोडून आई-बाबांना विश्रामबागला मावशीकडं नेलं, लाईट नाही, फोन 11 टक्के, आणि त्यात मला आठवलं काय तर मिनिट्स! तुम्हाला दोन ओळी पाठवल्या. तुमचं उत्तर, "मी बघते. तुम्ही आई-बाबांकडं बघा."

चिखल काढून परत लॉगिन केलं तर रेकॉर्डिंग ऐकून मिनिट्स तयार, एका ड्राफ्टची कुंडलीपण लिहिलेली, आणि माझ्यापेक्षा बरी. मी म्हणलं आता द्या परत. तुम्ही दिलंच नाही. उलट सप्टेंबर 1998 चं आरएफसी 2418 पुढं ठेवलंत (आरएफसी म्हणजे आयईटीएफचा पक्का होऊन छापलेला दस्तऐवज), चेअरनं कामं दुसऱ्यांना वाटून दिली तरी चालतात, मिनिट्सना सेक्रेटरी असू शकतो असं त्यात चक्क लिहिलंय. मी ते वाचलं होतं हो, पण आपल्यासाठी लिहिलंय असं वाटलं नव्हतं. "एकमत झालं का नाही ते ठरवणं तुमचं काम, बाकी कुणीबी करंल," हे तुमचं वाक्य मी नंतर तीन नव्या चेअरना ऐकवलंय.

दुसरी गोष्ट मला जास्त जड गेली. नवा ड्राफ्ट आला की मी हो म्हणायचो, लोक नाराज होतील म्हणून. तुम्ही म्हणालात, आधी पाच पुढं जाऊ देत मग सहावा घ्या, कारण आपण कच्चं पाठवलं की ते जाऊन पडतं एरिया डायरेक्टरच्या, म्हणजे आपल्यासारख्या ग्रुपांवर देखरेख ठेवणाऱ्याच्या, डोक्यावर, तो पण आपल्यासारखाच, दोन वर्षांची मुदत, संस्थेकडनं पगार नाही, दर पंधरवड्याच्या कॉलआधी सगळ्या ग्रुपांची शेकडो पानं वाचायची, मग त्यानं डिस्कस, म्हणजे हरकत, टाकून अडवलं की आपण त्यालाच नावं ठेवायची. म्हणून तुम्ही एका ड्राफ्टवर सिक्युरिटीवाल्यांचा रिव्ह्यू आधीच मागून घ्यायला लावलात. वेळ गेला, लेखक वैतागले, एक जण तर माझ्याशी महिनाभर बोलला नाही. पण तो ड्राफ्ट वर गेला तेव्हा सिक्युरिटीवरनं एकही डिस्कस आला नाही.

आता मिनिट्स कऱ्हाडचा एक पोरगा लिहितो, इश्यूंची यादी दुसऱ्या एकीकडं आहे, आणि मी रात्री जेवताना लॅपटॉप बंद ठेवतो. बायकोचे आभार वेगळे यायचेत तुम्हाला.

तर त्या ड्राफ्टचं आता आरएफसी होतंय. सध्या ऑथ-48 मध्ये आहे, म्हणजे छापण्याआधी लेखकांनी शेवटचं तपासायचं, नावाला 48 तास, खरं तर शेवटच्या लेखकाला सवड मिळंपर्यंत. आभाराच्या परिच्छेदात लेखकांनी तुमचं नाव घातलंय, मी फक्त आठवण केली. स्पेलिंग बघून आजच कळवा, एक लेखक सुट्टीवर आहे तोवर दुरुस्त करता येईल.