ड्रॉपडाउनमध्ये गावांचे उकार गायब, सबमिट केलं की गावच गायब

प्रति,
सपोर्ट टीम

विषय: तुमच्या पेड वेब कंपोनंट किटमधला ड्रॉपडाउन दुरुस्त करा, नाहीतर लायसन्सचे पैसे परत द्या

नमस्कार,

आम्ही सांगलीकडच्या एका पतसंस्थेसाठी कर्जाच्या अर्जाचा ऑनलाइन फॉर्म बनवतोय. टीम छोटी आहे, ड्रॉपडाउन न् कॅलेंडर स्वतः लिहीत बसण्यापेक्षा तयार टॅगांचं तुमचं किट विकत घेऊ म्हटलं, आणि तुमच्या साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की रिअ‍ॅक्ट असो, व्ह्यू असो की साधं एचटीएमएल, टॅग टाका आणि वापरा.

टॅग टाकला. गावांच्या यादीतून कुपवाड निवडलं की बॉक्समध्ये दिसतं 'कपवाड', बुधगावचं होतं 'बधगाव'. खालचे उकार सगळे कापले जातात, कारण तुम्ही आत लाइन-हाइट 1 ठेवलीय, म्हणजे ओळीची उंची फॉन्टच्या आकाराएवढीच, आणि वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर आलेलं दिसायचं नाही. देवनागरीला वरखाली जागा लागते हो, तुमच्या टेस्टिंगमध्ये कुणी एक मराठी शब्द तरी टाकून बघितला होता का? बरं, बाहेरून सीएसएस लिहून सुधारावं तर शॅडो डॉममुळे, म्हणजे टॅगचा आतला भाग बाकी पानापासून वेगळा ठेवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीमुळे, आमचा सीएसएस नियम आत पोचत नाही. ते ठीक आहे, त्याचं कामच ते, पण मग आतल्या भागाला बाहेरून स्टाइल देता यावी म्हणून पार्ट अ‍ॅट्रिब्यूट द्यायचं, नाहीतर लाइन-हाइटसाठी एखादं सीएसएस व्हेरिएबल तरी ठेवायचं. दोन्ही नाही! त्यात शॅडो रूट, म्हणजे त्या आतल्या भागाचं दार, क्लोज्ड मोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टने आत शिरून जुगाड करू म्हटलं तर एलिमेंटचं शॅडोरूट विचारल्यावर उत्तर येतं नल, म्हणजे काहीच नाही. घर भाड्याने देऊन मेन स्विचला कुलूप लावल्यातला प्रकार आहे हा.

दिसण्याचं एकवेळ सोडा, खरा त्रास पुढेच आहे. फॉर्म सबमिट केला की फॉर्मडेटामध्ये, म्हणजे पाठवल्या जाणाऱ्या माहितीत, गाव येतच नाही, रिक्वायर्ड लिहिलंय तरी रिकामा फॉर्म बिनधास्त पुढे जातो, आणि लेबलवर क्लिक केलं तर फोकस कुठेच जात नाही. कारण सरळ आहे, तुमच्या क्लासमध्ये फॉर्मअसोसिएटेड ट्रू केलेलं नाही (हा टॅग फॉर्मचा भाग आहे हे त्यानेच ब्राउझरला कळतं) आणि टॅगची किंमत फॉर्मला देणारं एलिमेंटइंटर्नल्स वापरलेलं नाही, त्यामुळे ब्राउझरच्या लेखी तुमचा ड्रॉपडाउन म्हणजे नुसता डबा.

तिकीट टाकलं तर तुमच्याकडून उत्तर आलं, 'हे शॅडो डॉमचं लिमिटेशन आहे, शेजारी एक हिडन इनपुट (न दिसणारं फील्ड) ठेवा.' अहो कसलं लिमिटेशन? क्रोममध्ये फॉर्मअसोसिएटेडची सोय 2019 पासून आहे, फायरफॉक्समध्ये 2022 ला आली, सफारीने पण 16.4 मध्ये मार्च 2023 ला दिली. सगळे ब्राउझर तयार आहेत, तुमचाच कोड तिथे अडकलाय. आणि प्रत्येक फील्डला हिडन इनपुट, वर व्हॅलिडेशन आम्हीच लिहायचं, तर साधा सिलेक्ट टॅग काय वाईट होता, तो फुकट मिळतो आणि उकारपण कापत नाही.

तर पुढच्या रिलीजमध्ये फॉर्मअसोसिएटेड आणि पार्ट ही दोन्ही कामं करणार का, आणि कधी, ते तारखेसकट लेखी कळवा. जमणार नसेल तर लायसन्सचे उरलेल्या मुदतीचे पैसे परत करा, आम्ही दुसरं काहीतरी बघतो. पतसंस्थेच्या मॅनेजर साहेबांना 'कपवाड' का दिसतंय हे आता आम्ही समजावत बसणार नाही.

स्क्रीनशॉट आणि फक्त तुमचा एक टॅग असलेलं टेस्ट पेज सोबत जोडलंय. मागच्या तिकिटालाही जोडलं होतं, या वेळी कृपया उघडा.

आपला,
पैसे भरलेला ग्राहक