चि. अभयला, वॉली बोग गेल्याचं कळल्यावर

सेरिटोस, कॅलिफोर्निया
जून 2011

चि. अभय,

अनेक आशीर्वाद.

"आई, वॉली बोग गेला," एवढंच तू फोनवर म्हणालास आणि मग बराच वेळ आपण दोघंही गप्प होतो. डिस्नेलँडमधला आपला तो लाडका विनोदी नट. त्यानंतर त्याच्या खेळातली बेटी टेलरही गेल्याचं पेपरात वाचलं. लागोपाठच्या दोन दिवशी दोघं गेली. तो नव्वद वर्षांचा, ती एक्याण्णव. भरलेली आयुष्यं म्हणायची, तरी मला दिवसभर काही सुचलं नाही. म्हणून हे पत्र. यात मी फक्त वॉलीबद्दल लिहिणार आहे. तुझ्या खेळात उडी मारताना दुखावलेल्या गुडघ्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे, फोनवर तो पुष्कळ झाला.

तुला पहिल्यांदा तिथे नेलं ते बाबांनी. फ्रंटियरलँडमधलं ते गोल्डन हॉर्सशू, लाल-सोनेरी पडदे आणि वर सज्जा. तेव्हा डिस्नेलँडमध्ये प्रत्येक राइडला तिकिटांच्या पुस्तकातलं एकेक तिकीट फाडून द्यावं लागे, 'ई' तिकीट सगळ्यात महाग. हा खेळ मात्र फुकट होता, फक्त सकाळी जाऊन जागा धरून ठेवायची. बाबांना ते फार आवडलं. एकही तिकीट न फाडता पाऊण तास गार हवेत बसायला मिळतं, वर पेप्सी, असं ते मला समजावत होते. त्यांनी ठरवलंच होतं की तिथे डुलकी काढायची. तू त्यांच्या मांडीवर होतास.

मग वॉली कापडी पिशवी घेऊन फिरता विक्रेता बनून आला. फुगे काढले, पिळले, कुत्रा केला, हत्ती केला. त्या फुग्यांच्या प्राण्यांना तो स्वतःच्या नावावरून 'बोगलून' म्हणायचा. त्याचा जोडीदार फुल्टन बर्ली गाणं म्हणायला लागला की हा मध्येच काहीतरी करणार आणि फुल्टन रागावल्यासारखं करणार. हा गोष्टीतला काउबॉय पेकोस बिल व्हायचा आणि बेटी त्याची प्रेयसी स्लू फूट सू. पण तुझ्या डोक्यात कायमचं घर केलं ते दातांनी. तोंडावर काहीतरी आपटतं, वॉली गाल चाचपतो, आणि एक दात थुंकतो. लोक हसतात. तो गंभीर चेहऱ्याने बोलायला जातो आणि आणखी एक दात पडतो. मग दोन. आता संपले असतील असं वाटतं न वाटतं तोच मूठभर. स्टेजवर टप टप आवाज येत होता, आणि तू बाबांच्या मांडीवरून उतरून पुढे पळालास. मी तुला पहिल्या रांगेपाशी धरलं. तू हसत नव्हतास. तोंड उघडं टाकून त्याच्या गालांकडे बघत होतास. ते सगळे दात आत कुठे ठेवलेत, एवढंच तुला हवं होतं.

ते दात म्हणजे बीन्स होत्या हे बाबांनी तुला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माझा पांढऱ्या चवळीचा डबा रिकामा. आरशासमोर उभा राहून गाल भरून घेतलेस, मला पाहून बोलायला गेलास आणि ठसका लागला. पाठीवर थापट्या मारताना माझे हात कापत होते. तू मात्र श्वास परत आल्याबरोबर विचारलंस, "किती पडले?" सुमामावशी अजून ही गोष्ट सांगते. चवळीवरून घसरली होती ना ती.

तर तेव्हापासून मी तुला हसताना बघते आणि तुझ्या श्वासाकडेही बघते. माझी दोन्ही कामं एकदमच चालतात, त्याला इलाज नाही.

वॉलीकडेही मी तशीच बघायची. बाकीच्यांना तो वेडावाकडा धडपडताना दिसायचा, मला त्याचे पाय दिसायचे. लहानपणापासून नाच शिकलेला माणूस होता तो. कितीही कोलमडल्यासारखा दिसला तरी वजन कुठे टाकायचं ते त्याला पक्कं ठाऊक असायचं. मी बाबांना म्हटलं होतं, याच्या मांड्या बघा. बाबा म्हणाले, तू सुट्टीच्या दिवशी तरी पेशंट बघू नकोस.

आणि तू तुझ्या खेळात सज्ज्यावरून उडी मारतोस! ती उडी नाटकात नव्हतीच आधी. तूच घातलीस. मीरा म्हणाली की त्या उडीला सगळ्यात मोठा हशा येतो. येऊ दे. पण बाळा, मेनिस्कस ही गुडघ्यातली कूर्चेची गादी, ती म्हणजे हाड नव्हे, की प्लास्टर घातलं आणि जुळलं. त्याच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतोच, म्हणून आतली फाट आपोआप भरत नाही. तुझी कुठे आहे ते एमआरआयमध्ये दिसेल. दुखत नाही आता, असं तू म्हणतोस, पण त्याला अर्थ नाही. गुडघ्यात सूज असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू पूर्ण ताकदीने काम करत नाही. तुझी कितीही इच्छा असू दे, मेंदूच त्याला आवरून धरतो. आणि नेमका उतरताना, वळताना तो दगा देतो. चालताना बरं वाटतं म्हणून उडी मारायला गेलेले किती पोरगे माझ्या टेबलावर आलेत. बर्फ, पाय उंच, बसून मांडी आवळण्याचा व्यायाम, आणि सूज पूर्ण उतरल्याशिवाय स्टेजचं नाव नको.

बघ, झालंच सुरू. रागावू नकोस. चाळिशीला आलेल्या मुलाला आईने असं बोलू नये. वॉलीकडे वळते.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नसेन. तो डिस्नेलँडला येण्याच्या कितीतरी आधी, 1947 मध्ये लंडनच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात काम करत होता. तिथेही फुगेच. खेळाच्या मध्ये तो प्रेक्षकांतून एका मुलाला वर बोलवायचा, फुग्याचा प्राणी द्यायला. त्यातून एक बारा वर्षांची मुलगी वर यायची आणि एकदम ऑपेराचं गाणं म्हणायची. ती ज्युली अँड्र्यूज, पुढे नामवंत गायिका-अभिनेत्री झालेली. सगळं आधी ठरलेलं असायचं अर्थात. मला त्यात वॉलीचं कौतुक वाटतं ते असं, की विनोदी नट सगळा हशा स्वतःकडे ओढतो, आणि हा हातातला फुगा धरून बाजूला उभा राहायचा, त्या पोरीचं गाणं संपेपर्यंत. फुल्टनच्या बाबतीत, बेटीच्या बाबतीत तेच. तिघं एकमेकांना सांभाळत होती म्हणून इतकी वर्षं टिकली.

तुझ्यात ते आहे. मी थँक्सगिव्हिंगला तुझा खेळ बघायला आले होते तेव्हा माइक बंद पडला आठवतं? तुझा तो नवा मुलगा, बॅन्जोवाला, पार घाबरून गेला होता. तू त्याच्याकडे बघून टोपी काढलीस, जणू त्याचा आवाज माइकशिवायच सगळ्यांना पोचलाय, आणि एक खुर्ची ओढून त्याच्यासमोर श्रोता होऊन बसलास. खुर्ची मोडकी निघाली. उठलास, दुसऱ्या बाजूने बसलास. पुन्हा तेच. एक शब्द नाही. लोक हसून हसून वाकले होते आणि त्या पोराला तेवढ्यात धीर आला, त्याने वाजवायला घेतलं. माझ्या शेजारच्या बाईंना मी सांगितलं, तो माझा मुलगा आहे. दोनदा सांगितलं. त्याच वेळी माझं सगळं लक्ष त्या खुर्चीच्या पायाकडे होतं, कुठल्या गुडघ्यावर पडतोस ते बघायला.

विनोदी नट स्टीव्ह मार्टिनने वॉलीला आपला आदर्श म्हटलंय, वाचलंस ना? लहानपणी तो डिस्नेलँडमध्ये गाइडबुकं विकायचा, मग जादूच्या दुकानात होता. वेळ मिळाला की हॉर्सशूमध्ये जाऊन बसायचा. त्याने रंगमंचावर पाहिलेला पहिला विनोदी नट वॉली. मला वाचताना वाटलं, आमच्या घरातही असा एक होता, त्याच बाकांवर बसलेला.

तू अर्व्हाइनची नोकरी सोडलीस तेव्हा बाबा आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. मग एका रात्री जेवताना मलाच म्हणाले, "त्या वॉलीलासुद्धा पहिल्यांदा दोन आठवड्यांचंच कंत्राट होतं." दोन आठवडे! 1955 साली पार्क उघडलं तेव्हा आला आणि 1982 मध्ये निवृत्त झाला. मधली काही वर्षं फ्लोरिडाला नवा खेळ उभा करायला गेला तेवढंच. जवळजवळ 40,000 प्रयोग म्हणतात. बाबांना ते तोंडपाठ झालं होतं, विनूच्या सासऱ्यांनासुद्धा सांगत होते. तुझ्यापुढे म्हणाले नाहीत, पण तुझ्या कंत्राटाच्या नूतनीकरणाची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर लिहिलेली असायची. ती कॅलेंडरं कपाटात अजून आहेत.

मी जे सांगायचा प्रयत्न करतेय ते हे आहे. वॉली साठी उलटल्यावर निवृत्त झाला, त्याला थांबायचं होतं म्हणून. तुलाही जेव्हा थांबायचं असेल तेव्हा तू थांब, पन्नाशीला, साठीला. ते तू ठरव. उडी चुकली म्हणून छत्तिसाव्या वर्षी थांबावं लागलं तर मला ते बघवणार नाही. तू ऑफिसात परत जावंस असं मला वाटत नाही, हे तुला कळावं. मीरालाही सांग, तिचा तसा समज झालाय. मला तू स्टेजवरच हवा आहेस. म्हणूनच जुलैत नको आहेस.

तुझ्या मॅनेजरने सीझनचं कारण सांगितलं म्हणे, चार जुलैला गर्दी असते, दुसरा माणूस तयार नाही. दुसरा माणूस तयार ठेवणं हे त्याचं काम. वॉली 1971 मध्ये फ्लोरिडाला गेला तेव्हा ॲनाहाइमचा, म्हणजे इथल्या डिस्नेलँडचा, खेळ बंद पडला नव्हता, चालूच होता. तो निवृत्त झाल्यावरही 1986 पर्यंत चालला. कोणाच्या तरी अंगावर त्याचे कपडे चढले आणि पडदा वर गेला. तुझ्या त्या बॅन्जोवाल्याला शिकव की. खुर्चीत बसून शिकवता येतं. त्याला उडी देऊ नकोस, दात दे. आणि कामावर झालेली दुखापत आहे, वर्कर्स कॉम्पसाठी, म्हणजे त्या भरपाईसाठी, लेखी कळवलंस का? तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही, आणि मुदत उलटली की भांडत बसावं लागतं. मी हॉस्पिटलात असताना किती लोकांना या एका कारणाने स्वतःच्या खिशातून भरावं लागलं. मीराला सांग, ती नीट करेल. तू फॉर्म गाडीत ठेवून विसरशील.

रियाची शाळा सुटली असेल. तिला घेऊन सगळी इकडेच या. खालच्या खोलीत तुझी सोय करते, जिना नको. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः तुझ्याकडून व्यायाम करून घेईन, माझे हात अजून चांगले आहेत. पाय वाकवता-सरळ करता यायला लागला की आपण डिस्नेलँडला जाऊ, तुझ्यासाठी व्हीलचेअर घेऊ, लाज वाटून घेऊ नकोस. रियाला टिकी रूममध्ये, त्या बोलक्या यांत्रिक पक्ष्यांच्या खेळात, बसवू. तिथला होझे पोपट म्हणजे वॉलीचाच आवाज, आणि मायकल हा फुल्टनचा. 1963 पासून ते दोघे तिथे एकमेकांना टोमणे मारताहेत. तुला सांगितलेलं तू विसरला असशील, लहान होतास. रियाला मी सांगेन. दातांची गोष्ट मात्र तू सांग, ती मला जमत नाही. चवळी मी वरच्या फळीवर ठेवते.

तिकिटं काढलीस की कळव. विमानात वाटेकडची सीट घे म्हणजे पाय लांब करता येईल. अधूनमधून घोटे हलवत राहा.

तुझी,
आई

ता. क. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी मागून घे. त्यांना द्यावी लागते. आणि इथे येईपर्यंत, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कठडा धरून. रियाला कडेवर घेऊन नाही.