आमच्या चाळीची मतं मोजा, पण एकत्र मोजा: केंद्रीय विधी व न्यायमंत्र्यांना लालबागहून खुले पत्र

मा. विधी व न्यायमंत्री, भारत सरकार,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक आली की वाहिन्यांच्या गाड्या लालबाग-परळला लागतात आणि ‘इथली मतं ठरलेली’ असं सांगून निघून जातात. ठरलेली कसली? कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा जून १९७० मध्ये खून झाला आणि त्याच वर्षी पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक इथूनच शिवसेनेचे पहिले आमदार झाले. १९८४ ला देशभर काँग्रेसची लाट होती, तेव्हा गिरणगावाने कामगार नेते दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत धाडलं. आमच्या शिवडी विधानसभा मतदारसंघात २००९ ला मनसेचे बाळा नांदगावकर, २०१४ ला शिवसेनेचे अजय चौधरी. दहा बाय बाराच्या खोलीत बाप एका पक्षाचा आणि पोरगा दुसऱ्याचा, हे आमच्याकडे नवीन नाही.

एकट्याचं मत गुप्त राहतं. चाळीचं राहत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

मोजणी बूथवार होते आणि कुठल्या केंद्रावर कोणाला किती, हा फॉर्म २० कोणालाही पाहता येतो. एका बूथवर हजार-बाराशे नावं म्हणजे आमच्याकडे दोन-तीन चाळी. निकालाच्या रात्री पक्षाच्या मोजणी प्रतिनिधीने उतरवून आणलेले आकडे एका बाजूला आणि मतदार यादीचा भाग दुसऱ्या बाजूला ठेवून पक्षाच्या कार्यालयात मंडळी बसतात. मग आडनावं वाचली जातात: हे कोकणातले, हे घाटावरचे, ही गुजराती बिऱ्हाडं, हे मुसलमान. कोण ‘फिरलं’ ते चहा संपेपर्यंत ठरतं. शेजारच्या चाळीचं लादीकरण आमच्या पॅसेजच्या तोंडाशी येऊन थांबलं, तेव्हा विचारायला गेलेल्यांना उत्तर मिळालं, ‘तुमच्या बूथवर आपल्याला किती पडली, बघितलंत का?’ पक्षाचं नाव लिहीत नाही. उद्या दुसरा आला तरी कागद तोच असणार.

२०२४ च्या विधानसभेला मुंबईत बऱ्याच सोसायट्यांच्या आवारातच मतदान केंद्रं दिली. म्हाताऱ्यांची सोय झाली, नाही म्हणणार नाही. पण आता टॉवरचंही मत परस्पर उघडं पडतं. तिथले लोक लादीकरणासाठी कोणाच्या दारात जात नाहीत, म्हणून त्यांना अजून चटका बसलेला नाही एवढंच.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात, मतदारांवर दबावाची भीती असेल तिथे, निवडणूक आयोग अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजू शकत असे. १९६१ च्या निवडणूक नियमांत ५९-अ त्यासाठीच आहे. मतदान यंत्रं आली आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये सरकारकडे पाठवला. त्याने चौदा यंत्रं एकत्र मोजता येतात. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात तशीच शिफारस केली. केंद्राने सर्वोच्च न्यायालयात मात्र विरोध केला. म्हणणं असं, की बूथवार आकडे कळले तर पक्षांना आपण कुठे कमी पडलो ते समजतं आणि तिथे जास्त काम करता येतं. साहेब, एकदा आमच्या पॅसेजमध्ये येऊन हे म्हणून दाखवा!

बूथवार आकडे झाकले तर गैरप्रकार पकडणार कसे, हा प्रश्न खरा आहे. पण केंद्रावर एकूण किती मतं पडली याचा फॉर्म १७-सी पक्षांच्या प्रतिनिधींना मिळतो, तो मिळत राहावा. प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर छापून पडणाऱ्या) यंत्राच्या आकड्यांशी जुळवतात, तेही चालू राहावं. त्या पाच केंद्रांचे आकडे बाहेर येतील, चालेल. बाकीच्या सगळ्यांचे कशाला?

नियम बदलणं आपल्या मंत्रालयाच्या हातात आहे. पुढच्या लोकसभेआधी टोटलायझरची तरतूद करा. सगळीकडे जमत नसेल, तर मुंबईसारख्या शहरांत, जिथे एक बूथ म्हणजे दोन-तीन चाळी किंवा एखादी सोसायटी होते, तिथून तरी सुरुवात करा.

आपला,
लालबागमधला एक मतदार