जिभेखालची गोळी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, थांबलास की चार-पाच मिनिटांत उतरतं, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी तू ‘सवय लागेल’ म्हणून टाळतोस, हे वाचून राहवलं नाही.

हृदयाच्या कप्प्यांत कितीही रक्त असलं तरी त्याच्या स्नायूला ते जवळजवळ उपयोगाचं नाही. त्याचं पोट भरतं ते पृष्ठभागावरून जाणाऱ्या करोनरी धमन्यांवर. तिथे चरबीचे थर साचून साधारण ७० टक्के वाट बुजली की बसल्या जागी रक्त पुरतं, पण चढावर, थंडीत, भरपेट जेवून चालताना किंवा संतापल्यावर कमी पडतं. हेच अंजायना. शिवाय या धमन्यांत रक्त शिरतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. ठोके वाढले की विसावा आखडतो, म्हणजे गरज वाढते नेमक्या त्याच वेळी पुरवठ्याला सवड उरत नाही. तुझं बीटा ब्लॉकर ठोके आवरतं ते यासाठी. मनानेच ते एकदम बंद करू नकोस. दुखणं उसळून येतं, झटकाही येऊ शकतो.

आता गोळी. ती नायट्रोग्लिसरीनची आहे, आणि तिचं व्यसन लागत नाही. दुखायला लागलं की हातातलं काम टाकून खाली बस. उभ्याने घेतलीस तर रक्तदाब उतरून भोवळ येईल, आडवा झालास तर पायांतलं रक्त हृदयाकडे परतून भार वाढेल. गोळी जिभेखाली ठेव आणि विरघळू दे. गिळलीस तर यकृतच तिचा बराचसा भाग निकामी करतं. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाणी पी. शिरा सैलावतात, हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं, ओझं हलकं होतं. डोकं ठणकेल, चेहरा तापेल. घाबरू नकोस, तो औषधाचाच परिणाम आहे. जो जिना हमखास छळतो, त्याच्या पाच मिनिटं आधी गोळी घेतलीस तरी चालतं, फक्त डॉक्टरांना विचारून ठेव.

पाच मिनिटांत उतार पडला नाही किंवा दुखणं वाढलं, तर लगेच रुग्णवाहिका बोलाव. स्वतः गाडी चालवत जाऊ नकोस. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून खा. चावल्याने ती लवकर लागू पडते.

गोळ्या मूळच्या गडद काचेच्या बाटलीतच ठेव, झाकण घट्ट लाव. प्लॅस्टिकच्या डबीत काढल्या किंवा कापूस कोंबला तर औषध उडून जातं आणि ऐन वेळी हाती नुसता खडू उरतो. आणखी एक, संकोच न करता सांगतो: लैंगिक ताठरतेसाठी घेतात त्या औषधांपैकी सिल्डेनाफिल घेतलं असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास ही गोळी घ्यायची नाही. रक्तदाब जीवघेणा कोसळतो. तेवढ्या वेळात छातीत दुखलं तर सरळ रुग्णवाहिका, आणि काय घेतलंय ते त्यांना स्पष्ट सांग.

स्टेंटचं, म्हणजे धमनी उघडी ठेवायला बसवतात त्या जाळीचं, विचारलंस. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा नसेल आणि दुखणं स्थिर असेल, तर आधी औषधं हा रास्त मार्ग आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत पाच हजारांवर रुग्ण होते. स्टेंट किंवा बायपास लवकर केल्याने मृत्यू घटले नाहीत, दुखणं मात्र कमी झालं. थर फाटू न देण्याचं काम स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध करतं, आणि त्याचा परिणाम तुला जाणवणार नाही, म्हणूनच लोक ते सोडतात. तंबाखू तर आजच सोड.

खरा धोका ओळखायचा तो ढब बदलल्यावर. दोन मजल्यांनंतर दुखायचं ते एकाच मजल्यावर दुखू लागलं, बसल्या जागी दुखलं, झोपेतून जागं केलं, किंवा गोळी पूर्वीपेक्षा जास्त वेळा लागू लागली, की समज आतला थर फाटून गुठळी धरतेय. मग पुढच्या तपासणीची तारीख बघत बसायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आजपासून वहीत लिही: किती पायऱ्या, किती मिनिटं, किती गोळ्या.

पंधरा दिवसांची नोंद झाली की मला कळव.

तुझा,
अनंत