टार्गेट लॅबमधल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुम्ही एका ओळीत आला आहात. ती ओळ लिहिल्यापासून चैन पडेना, म्हणून हे जाहीर पत्र. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

तुम्ही एकदा विचारलं होतंत, "एवढ्याशा पापुद्र्यातून ताऱ्याचं काय कळतं गं?" तो पापुद्रा म्हणजे तुम्ही बनवलेलं सेलेनियमचं टार्गेट, ज्यावर मी प्रोटॉन मारायचे. तेव्हा घाईत होते. आज नीट सांगते.

सेलेनियम-७४ हा सेलेनियमचाच एक प्रकार (समस्थानिक), पण फार दुर्मीळ, सगळ्या सेलेनियममध्ये शेकडा एकाहूनही कमी. न्यूट्रॉन गिळत गिळत जड मूलद्रव्यं घडतात, त्या वाटेने ते बनतच नाही. सुपरनोव्हात, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटात, ऑक्सिजन-निऑनचा थर दोन-तीन अब्ज अंशांपर्यंत तापतो आणि तिथले गॅमा किरण आधीच्या जड केंद्रकांमधून न्यूट्रॉन, प्रोटॉन, अल्फा कण उडवतात. त्या पडझडीतून अशी पस्तीसेक केंद्रकं उरतात. ताऱ्यात ब्रोमिन-७५ मधून प्रोटॉन निघून सेलेनियम-७४ होतं. आपण सेलेनियमवर प्रोटॉन मारून ब्रोमिन करतो. उलटी वाट मोजली की सुलटीचा हिशेब बांधता येतो.

ब्रोमिन-७५ चं अर्धायुष्य ९७ मिनिटं. बीम, म्हणजे प्रोटॉनांचा झोत, थांबला की टार्गेट घेऊन जर्मेनियम डिटेक्टरकडे धावायचं आणि गॅमा मोजत बसायचं. शेवटी त्या आकड्याला भागायचं कशाने? दर चौरस सेंटिमीटरमध्ये सेलेनियमचे अणू किती, त्याने. तो थर तुमच्या हातचा. तो कुठे जाड, कुठे विरळ झाला असता तर माझं सगळं गणित तिथेच चुकलं असतं.

पहिलं टार्गेट मीच घालवलं. सेलेनियम २२१ अंशांनाच वितळतं, हे पाठ असूनही बीमचा करंट वाढवला आणि थर उडून गेला. समृद्ध सेलेनियमची, म्हणजे सेलेनियम-७४ चं प्रमाण वाढवलेली, पूड मोजून मिलिग्रॅममध्ये आलेली. मी रडत तुमच्या दारात उभी होते. तुम्ही रागावला नाहीत. चहा सांगितलात, उरलेली पूड काट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "सेलेनियमला घाई चालत नाही." निर्वात भांड्यात इतक्या हळू तापवलीत की मला वाटलं, काही होतच नाहीये. संध्याकाळी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर दोन एकसारखे लालसर थर तयार होते. आधी वजन, बीमनंतर पुन्हा वजन, ही सवयही तुम्हीच लावलीत. दुसऱ्या खेपेला दोन्ही वजनं जुळली तेव्हा मला किती हायसं वाटलं, ते तुम्हाला तेव्हा सांगायचं राहिलं.

हंगेरीत डेब्रेत्सेनच्या गटाने हीच क्रिया मोजून २००३ साली छापली होती. आपले आकडे त्यांच्याशी जुळतात, काका. पुढची मोजमापं कोलकात्याला, साहा इन्स्टिट्यूटच्या फ्रेना त्वरकावर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, करायचा विचार आहे. टार्गेट तुमच्याकडूनच घेऊन जाईन.

दुसऱ्या टार्गेटच्या डबीवर तुमच्या अक्षरात जाडी लिहिलेली चिठ्ठी अजून आहे. तिचा फोटो प्रबंधात घातलाय. पुढच्या आठवड्यात प्रत घेऊन येते.

तुमची,
सेलेनियमवाली